बाईंच्या हातावरची गाठ

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होते. माणसं कमी होती, म्हणून तपासणीची खोली आणि कपड्यांची कोठी ही दोन कामंही माझ्याकडेच होती. मला त्याचा त्रास झाला नाही. मी याद्या करणारी बाई आहे. काम यादीत चढलं की डोक्यातून उतरतं आणि हाताला लागतं.

तपासणीच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक स्पिरिटचा दिवा, रंगांच्या बाटल्या आणि काचपट्ट्या. नव्या पट्ट्या बोटीनं यायच्या आणि बोटी येत नव्हत्या, म्हणून जुन्याच सोड्याच्या पाण्यात उकळून, मऊ फडक्यानं पुसून पुन्हा वापरायच्या. कोणती पट्टी कितव्यांदा वापरली हेसुद्धा मी लिहून ठेवत असे. त्यावरून दवाखान्यातल्या आया मला हसायच्या. हसू देत असे.

पौषातल्या थंडीत एक शाळामास्तरीण आमच्याकडे आली. मिरजगावच्या पुढं, मोटाररस्ता सोडून कोसभर आत तिचं खेडं. तेव्हा पेट्रोल मिळत नसे आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागं शेगडी पेटलेली, चढ लागला की उतारूंनी उतरायचं. त्यामुळं नगरला उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड काजळलेलं असायचं. ही बाई मात्र अर्धीच काजळली होती. डावा गाल तिनं पदरानं घट्ट झाकला होता आणि मिरजगावपासून पदर हलू दिला नव्हता.

तिच्याबरोबर त्या गावचे पाटील होते. पन्नाशीचे, धिप्पाड, तांबडा पटका. ते तिच्यापासून चार हात लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"बसा पाटील," मी म्हटलं.

"हितं बरं हाय. सिस्टरबाई, आपलं एकच इचारनं हाय. पोरं बशिवायची का न्हाई?"

"कुठं बसवायची?"

"मास्तरीणबाईम्होरं. साळंत. गाव म्हनतं, गालावर आलंय त्ये महारोगाचं. आमी पोरं घरी ठिवल्यात."

बाईंनी तेवढ्यात पदर काढला. डाव्या गालावर रुपयाएवढा, तांबूस, जरा उचललेला चट्टा होता. कडेला बारीक कोंडा, मध्ये चकचकीत. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दुखत नाही, खाजत नाही. फक्त लोकांना दिसतो."

बाई तिशीच्या होत्या, एकट्या. शाळेची एक खोली, तिच्या मागं त्यांची राहायची खोली. पटावर तेवीस मुलं, त्यांत नऊ मुली. होळीनंतर दिपोटी तपासणीला येणार होते. आमच्याकडे खेड्यात शाळा तपासणाऱ्या साहेबाला दिपोटीच म्हणत. तेव्हा वर्ग रिकामा दिसला असता, तर शाळेची मान्यता गेली असती. शाळा गेली की बाईंचं घरही गेलं, कारण ते शाळेचंच होतं. आणि हाच चट्टा घेऊन दुसऱ्या कोणत्या गावात त्यांना शाळा मिळाली असती? हे सगळं त्यांनी मला तीन वाक्यांत सांगितलं. रडल्या नाहीत. मला ते आवडलं.

आमच्या डॉक्टरीणबाई परदेशातून आलेल्या. आमच्या भागात त्यांना वीस वर्षं झाली होती. मराठी शुद्ध बोलायच्या, पण पुस्तकातून उतरवल्यासारखं. त्यांनी बाईंना प्रकाशात बसवलं आणि तपासणी सुरू केली. मी शेजारी वही घेऊन.

महारोगाचा चट्टा बधिर असतो, म्हणून आधी डोळे मिटायला लावून कापसाच्या वातीनं गालाला स्पर्श. "लागलं की बोट वर करा." बाई प्रत्येक वेळी बोट वर करत होत्या. दोनदा तर स्पर्श न करताच वर केलं. मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग एका नळीत गरम पाणी, एकीत गार. इथं बाईंनी बरोबर उत्तरं दिली, पण चेहऱ्याची कातडी फार जागी असते, तिथल्या उत्तरावर भरवसा ठेवू नये हे मला ठाऊक होतं. महारोगात मज्जातंतू जाड होतात, म्हणून मानेवरची, कोपरापाशची शीर चाचपून पाहिली. जाड वाटत नव्हती. काचपट्टी गालावर दाबून आरपार पाहिलं, तर आत गुळाच्या पाकासारखे पिवळट-तांबूस ठिपके दिसले. कानाच्या पाळीला आणि चट्ट्याला बारीक चीर देऊन निघालेला रस मी पट्टीवर घेतला, रंगवला आणि तासभर शोधला. एकही जंतू सापडला नाही. पुढच्या तीन सकाळी बेडका तपासला, तोही स्वच्छ.

मग डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याच्या कडेचा मुगाएवढा तुकडा काढला, मेणात बसवला, वस्तऱ्यानं त्याच्या पातळ चकत्या केल्या. रंग देऊन झाल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"काय दिसते?"

मधोमध लांबट, फिकट पेशींचा घोळका. त्यांच्यात एक-दोन अवाढव्य पेशी, एकेकीच्या पोटात दहा-पंधरा केंद्रं कडेनं ओळीनं मांडलेली. आणि सगळ्यांभोवती बारीक, गोल, गडद निळ्या पेशींचं रिंगण.

"क्षय," मी म्हटलं. क्षयाच्या गाठीत मी हेच पाहिलं होतं.

"क्षय असू शकतो. आणि सौम्य जातीचा महारोग असला तरीही हेच चित्र दिसते. दोन शत्रू आहेत, पण शरीर दोघांशी एकाच रीतीने झुंजते." त्यांनी पेटीतून दुसरी एक जुनी पट्टी काढून लावली. "आता हे पाहा."

ती दुसऱ्या कोणाची तरी होती, महारोग्यांच्या आश्रमातून आलेली. तिथं रिंगण नव्हतं. पेशी फुगलेल्या, फेसाळ, आणि प्रत्येकीच्या पोटात लाल जंतू विड्यांच्या कट्ट्यासारखे जुडग्याजुडग्यांनी बांधलेले. त्या पेशींनी जंतू गिळले होते, पण मारले नव्हते. नुसत्या पोसत बसल्या होत्या. गोल निळ्या पेशी हाका मारून आणायला हव्यात, तशा कुठं कुठं एखादी.

"हा माणूस रोग दुसऱ्याला देतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्या अंगात लढाईच नाही. आपल्या शिक्षिकेच्या अंगात आहे. तिच्या चट्ट्याचे नाव काहीही असो, मुलांना तिच्यापासून धोका नसावा असे मला वाटते. परंतु वाटते म्हणून मी पत्र लिहिणार नाही."

त्यांना अजून एक खात्री हवी होती. महारोगाचे मेलेले, उकळलेले जंतू वाटून केलेलं एक पाणी असतं. त्याचा एक थेंब हाताच्या कातडीत टोचायचा आणि तीन आठवडे थांबायचं. ज्याचं अंग त्या जंतूंशी लढायला तयार आहे, त्याच्या हातावर तिथं टणक गाठ येते. ज्याच्या अंगात लढायची ताकद नाही, त्याला काहीच होत नाही. म्हणजे गाठ आली तर बरं आणि कातडी साफ राहिली तर वाईट. एरवीच्या अकलेच्या हे अगदी उलटं आहे, आणि आमच्या गावांत तर गाठ म्हटलं की माणूस आधी हबकतो.

ते पाणी आमच्याकडे एका छोट्या शिशीत होतं. तीन माणसांपुरतं. नवी शिशी लढाई संपल्याशिवाय यायची नव्हती.

मी बाईंच्या डाव्या हाताला टोचलं. त्या सुई बघत होत्या.

"याचं काय होणार सिस्टर?"

आणि इथं मी चुकले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, शिकलेली बाई आहे, घाबरणार नाही. शेवटी मी असंही म्हटलं, "तीन आठवड्यांनी इथं गाठ आली, की पत्र तयार. तुमची शाळा तुमची."

"आणि नाही आली तर?"

"येईल," मी म्हटलं.

तीन आठवडे त्यांना गावात राहू दिलं नसतं, म्हणून दवाखान्याच्या आवारातली एक खोली दिली. दोनच दिवसांत त्या रिकामं बसून कंटाळल्या. मला म्हणाल्या, काहीतरी काम द्या. माझ्या यादीत एक काम दिवाळीपासून पडून होतं. नव्या चादरींवर निशाणी घालायची. परटाकडं जाणाऱ्या प्रत्येक कपड्यावर दवाखान्याचं अक्षर आणि नंबर बिब्ब्यानं घातलेला असे. बिब्बा दिव्यावर तापवायचा, सुईच्या टोकावर त्याचं तेल घ्यायचं, कापडावर आकडा काढायचा आणि वर चुना चोळायचा. काळा आकडा पडतो आणि कपडा फाटला तरी जात नाही. मी कोठी उघडून दिली, बिब्ब्यांचा डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि बजावलं, "तेल अंगाला लागू देऊ नका, फोड येतील."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या आईच्या घरी कमर दुखली की बिब्बाच."

त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. चाळीस चादरी आठवड्यात झाल्या. मी त्यांना उशांचे अभ्रेही दिले.

दर चार दिवसांनी मी हात बघायची. पहिल्या दोन दिवसांत थोडी लाली आली आणि गेली. मग काही नाही. सोळाव्या दिवशीही मला काही दिसलं नाही. तसं मी बोलले नाही, पण वहीत काय लिहिलं ते बाईंनी खांद्यावरून वाचलं असणार. शिक्षकांना उलटं वाचताही येतं.

विसाव्या दिवशी बाई म्हणाल्या, आता उद्याच बघा. एकविसाव्या दिवशी सकाळी त्या हात पुढं करूनच आल्या. गाठ होती. चांगली मोठी, लालभडक. मी मोजपट्टी लावली. चौदा मिलिमीटर. इतकी मोठी मी पाहिली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी आकडा शाईनं लिहिला आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्याही खूश झाल्या. "हे फार उत्तम आहे," म्हणाल्या आणि पत्राचा कागद घ्यायला आपल्या खोलीत गेल्या.

मी हात उजेडात धरला, गाठ पुन्हा एकदा बघावी म्हणून. वरती बारीक पाण्याचे फोड होते. फोडांतून पाणी झिरपत होतं. एक ओघळ मनगटाकडं गेला होता आणि जिथं जिथं तो गेला होता तिथं नवे फोड उठले होते. मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. असा काळा रंग मी पंधरा-वीस दिवस चादरींच्या कोपऱ्यांवर बघत होते.

"खाजतं का?" मी विचारलं.

"फार."

"बाई, हा बिब्बा आहे."

त्यांनी हात मागं घेतला नाही. दार लोटलेलं होतं. पलीकडच्या खोलीत डॉक्टरीणबाई दौत उघडत होत्या, त्याचा आवाज आला.

"कधी लावलात?"

"सतरा दिवस झाले होते. काही येत नव्हतं." त्या हळू पण सरळ बोलत होत्या. "दिपोटी होळीनंतर येणार आहेत, सिस्टर. मला दुसरा महिना नाही."

"मी तुम्हाला भरवशानं कोठी दिली."

"उत्तरही तुम्हीच दिलं होतंत. परीक्षेआधी मुलांनी उत्तर विचारलं तर मी सांगत नाही. मुलं वाईट असतात म्हणून नव्हे. कुणालाही सांगितलं की तो तेच लिहितो."

मी फोडांच्या बाजूनं चाचपून पाहिलं. खाली काही टणक लागतं का? लागत असेलही. सुजलेल्या कातडीखाली ते कळायला मार्ग नव्हता. खरी गाठ त्याच दिवसांत वर येत असली, तर बाईंनी ती स्वतःच्या हातानं झाकून टाकली होती.

मी गप्प राहिले असते तर पत्र मिळालं असतं. डॉक्टरीणबाईंना बिब्बा माहीत नव्हता. त्यांच्यासाठी तो चादरीवरचा काळा आकडा होता, अंगावरचा त्यांनी कधी बघितला नव्हता. शाळाही कदाचित उघडली असती. पण त्या पत्रावर तेवीस पोरांच्या आया विसंबणार होत्या, आणि बाईंच्या अंगाला लढता येतं की नाही हे त्या घटकेला खरोखर कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, बाईंनाही नाही. ते खुद्द बाईंना कळायला हवं होतं.

"मी जाऊन सांगते," मी म्हटलं. "माझी चूकही सांगते. तुम्ही हात साबणानं धुवा आणि खोबरेल लावा."

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्या देशात मी वीस वर्षे राहिले, आणि मला एक फळ ओळखता आले नाही." मग हिशेब केला. दुसऱ्या हातावर आज टोचलं, तर तीन आठवड्यांनी होळी होऊन चार दिवस झालेले असतील. दिपोटींची तारीख त्यानंतर आठ-नऊ दिवसांची. बसतं, पण काठावर.

वहीतला चौदाचा आकडा मी खोडला नाही. शेजारी लिहिलं, "बिब्बा. धरू नये." चूक खोडली की ती पुन्हा होते असा माझा अनुभव आहे.

त्याच दिवशी दुपारी ठरल्याप्रमाणे पाटील आले. पुन्हा चौकटीला टेकले. मी बिब्ब्याबद्दल त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की पहिली टोचणी बिघडली, हवी ती गाठ मिळाली नाही, दुसरी करायची आहे, अजून तीन आठवडे.

"म्हंजी हाय तर," पाटील म्हणाले.

"काय आहे?"

"रोग. न्हाईतर येवढं कशापायी लांबवताय? गाठ न्हाई आली म्हंजी बरंच झालं की."

मग मला सगळं उलगडून सांगावं लागलं. रोगाचे मेलेले जंतू, अंगातल्या लढणाऱ्या पेशी, त्या धावत येतात, घेर घालतात, म्हणून गाठ. धडधाकट माणसालासुद्धा येते. पाटलांनी ऐकलं, पटका काढला, डोकं खाजवलं.

"धडधाकटाला बी?"

"बहुतेकांना."

"मंग मला टोचा."

"पाटील, हे काय देवीची लस नाही."

"न्हाई कशी? तुमी म्हनता गाठ चांगली. गाव म्हनंल गाठ वंगाळ. मी मधी कुनाचं ऐकू? माज्या हातावं येऊ द्या, मंग मला कळंल."

बाई आत बसल्या होत्या. त्या पहिल्यांदा हसल्या. "टोचा त्यांना सिस्टर. नाही उठली तर गावात मला सोबत होईल."

"बाई, अभद्र बोलू नगा," पाटील म्हणाले, पण बाही वर सरकवली.

मला ते पसंत नव्हतं. गाठ नाही आली तर हा माणूस घाबरून काय करील? मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शिशीत दोघांपुरतं आहे, आणि ज्याला गावाशी बोलायचं आहे त्याला स्वतःला कळणं महाग नाही. मी दोघांना एकाच सुईच्या मापानं, एकाच जागी, उजव्या हाताला टोचलं. सुई मधे उकळली, हे सांगायला नको. या वेळी मी कोणालाही भाकीत सांगितलं नाही. पाटलांना यादी दिली, पाठ करून घेतली. काही लावायचं नाही. डाग द्यायचा नाही. चोळायचं नाही. हळदसुद्धा नाही.

"तंबाकू?"

"खा. लावू नका."

बाईंच्या हातावर मी कापडाची पट्टी बांधून टोकं सुईदोऱ्यानं शिवून टाकली. दर चार दिवसांनी मीच टाके काढायचे, बघायचं, पुन्हा शिवायचं. कोठीची किल्ली माझ्या कमरेला.

"कैद्याला बेडी," बाई म्हणाल्या.

"हो."

"योग्य आहे. मी पण वर्गात नक्कल करणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवते."

मग त्यांना मी दुसरं काम दिलं, आयांना अक्षरं शिकवायचं. दुपारी दोन ते तीन. आमच्यातली सर्वांत थोरली आया, जी माझ्या काचपट्ट्यांच्या वहीला हसायची, ती आठवड्यात "कमळ" लिहायला लागली आणि दिसेल त्या भिंतीवर लिहायला लागली. भिंती पुसायचं काम माझ्या यादीत वाढलं.

सोळाव्या दिवशी टाके काढले. कातडी साफ. मी चेहरा कोरा ठेवला. बाई पट्टी पुन्हा शिवून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की या वेळी नाही आली तर आपण स्वतःच गावात जाऊन शाळेची किल्ली पाटलांना देऊ, पत्राची वाट बघायला लावणार नाही. मी म्हटलं, विसाव्या दिवसाआधी किल्लीचं बोलायचं नाही.

विसाव्या दिवशी बोटाला लागलं. दिसण्याआधी लागलं. कातडीच्या आत तुरीच्या दाण्याएवढं, टणक, हलवलं तर कातडीसकट हलणारं. वरती लालसर. फोड नाही, पाणी नाही, खाज नाही. मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर मोजपट्टी लावली. सात मिलिमीटर. त्यांनी स्वतः चाचपलं, भिंग लावलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचे फळ?"

"नाही," मी म्हटलं. "ही बाईंची."

दुपारच्या मोटारीनं पाटील आले. या वेळी चौकटीपाशी थांबले नाहीत. सरळ आत आले, बाही वर करून.

"आलीया," ते म्हणाले. "सा दिस झोप न्हाई मला. घरची म्हनती, मास्तरीणबाईच्या नादानं तुमाला बी लागलं. हळद बी लावली न्हाई, बघा."

मी मोजली. पाच.

"बाईंची?"

"सात."

पाटलांनी बाईंच्या हाताकडं पाहिलं, आपल्या हाताकडं पाहिलं. "पुन्हा मोजा की."

पुन्हा मोजली. पाचच.

"पट्टी तीच हाय नव्हं?"

"तीच."

"माझं वजन बाईंच्या दुप्पट हाय," ते जरा रागानंच म्हणाले.

पत्रात चट्ट्याचं नाव घालायचं का, यावर माझा आणि डॉक्टरीणबाईंचा वाद झाला. माझ्या वहीत रोगाच्या नावाचा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवणं मला सोसत नाही. चकत्यांमधले बारीक मज्जातंतू शाबूत दिसत होते, त्यावरून डॉक्टरीणबाईंचा कल कातडीच्या क्षयाकडं होता. महारोग मज्जातंतू आधी खातो. पण क्षय म्हटलं तर गाव खोकल्याला भिऊन पळेल. शेवटी त्यांनी लिहिलं, की ही बाई तपासली आहे, तिच्या अंगात जंतू सापडले नाहीत, तिचं शरीर जंतूंना तोंड देण्यास समर्थ आहे, आणि मुलांनी तिच्याजवळ बसण्यास हरकत नाही. माझ्या वहीत मी "कातडीचा क्षय" असं पेन्सिलीनं लिहिलं. बाईंना माशाचं तेल, दूध आणि सकाळचं ऊन असा उपचार लिहून दिला.

पत्र घेऊन मी स्वतः बाईंबरोबर गेले. माझी चूक होती, निस्तरायला मीच हवी होते. शेगडीच्या मोटारीतून मिरजगाव, पुढं पाटलांची बैलगाडी. शाळेच्या ओट्यावर माणसं जमली होती, बायका लांब लिंबाखाली. मी पत्र वाचलं. मग एक बाई लिंबाखालून म्हणाली, "चट्टा तर हायेच की अजून."

"राहील काही महिने," मी म्हटलं.

"मंग पत्र काय करायचं?"

मी पेशींचं सांगायला लागले. ते कुणाला पटत नव्हतं, मलाही दिसत होतं. तेव्हा पाटील उठले. बाईंना म्हणाले, "हात दावा." आणि त्यांच्या हाताशेजारी आपला हात धरला. गावात पहिल्यांदाच कुणीतरी बाईंच्या इतकं जवळ उभं होतं.

"ह्या दोन गाठी बघा. रोगाचं मेलेलं बी टोचलं हुतं. ज्याच्या अंगात दम त्याला गाठ उठती. माझी पाच, बाईंची सात. सिस्टरबाईंनी दोनदा मोजलीया. बाईंचं अंग माझ्यापरीस खमकं हाय. आता मास्तरीणबाईपाशी बसायचं न्हाई म्हनाल, तर माज्यापाशी बी बसू नगा. पाटलाच्या चावडीत बी येऊ नगा."

"तुमाला बी रोग टोचला?" कोणीतरी विचारलं.

"मेलेला."

"मेलेला तरी रोगच की."

"तुज्या कोठारात मेलेला साप सापडला तर तू सापाला भितूस का?"

त्यावर हसणं झालं. बोलणं सुरू झालं, पण ठरत काही नव्हतं. बाईंनी वाट बघितली नाही. आत जाऊन शाळा उघडली, दोन महिन्यांची धूळ झटकली, पट काढला आणि दारात उभं राहून नावं घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव पाटलांच्या नातीचं होतं. ती पाटलांच्या मागून "हजर" म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या नावाला कुणी बोललं नाही. बाईंनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. चौथ्या नावाला लिंबाखालून बारीक आवाज आला. आईनं हात धरून ठेवला होता, मुलीनं तो सोडवून घेतला.

बाईंचा आवाज प्रत्येक नावाला सारखाच होता, उत्तर येवो न येवो. तेवीस नावं झाली तेव्हा अकरा मुलं आत बसली होती. त्यांनी पट मिटला, फळ्यावर त्या दिवसाची तिथी लिहिली आणि पाढे सुरू केले. बाहेरची माणसं ओट्यावरून उठून चावडीकडं गेली, कारण पाढ्यांच्या आवाजात वाद घालता येत नव्हता.

नवव्या दिवशी दिपोटी आले. बाईंच्या पोस्टकार्डावरून मला कळलं, की तेव्हा एकोणीस मुलं हजर होती आणि शाळा राहिली. उरलेल्या चौघांपैकी दोन मुलगे पावसाळ्याआधी आले. दोन मुली आल्या नाहीत. त्यांची नावं बाई रोज घेत होत्या.